वायल उघडायला दहा माणसं

पेठ तालुक्यात मी पहिल्यांदा गेले ते एका टेनिसच्या स्पर्धेमुळे. स्पर्धा समुद्रापलीकडच्या एका देशात होती आणि पेठ आमच्या नाशिकला लागून आहे, तरीही हे वाक्य खरं आहे. नाशिककरांना पेठ म्हणजे गुजरातकडे जाताना लागणारा घाट, एवढंच माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं. कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावरच्या त्या पावसाळ्यात मात्र मी त्या रस्त्याने वारंवार गेले. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. या प्रवासातून नेमका काय निष्कर्ष काढायचा, ते विचारू नका. एरवी माझ्याकडे निष्कर्ष आधी तयार असतो.

गंगापूर रोड

प्रज्ञा माझी मामेबहीण. मामा गंगापूर रोडवरच्या एका क्लबात टेनिस कोर्ट सांभाळतात. मातीवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पांढऱ्या पट्ट्या आखायच्या. सभासद घरी गेले की रिकाम्या कोर्टावर प्रज्ञा भिंतीशी खेळायची. त्यातून ती डावखुरी, हट्टी आणि पुढे चक्क व्यावसायिक टेनिसपटू झाली. टीव्हीवर दिसणारी नव्हे. जागतिक क्रमवारीत तिचं नाव शोधायला बरंच खाली जावं लागतं. असे खेळाडू वर्षभर एका देशातून दुसऱ्या देशात लहान स्पर्धा खेळत फिरतात. मिळालेले गुण वर्षभराने गळून पडतात, म्हणून पुन्हा जावं लागतं. थांबला तो संपला, असला हा धंदा.

आणि त्या वर्षी ती थांबली होती. एका स्पर्धेच्या वेळी भारतातून विमानंच बंद होती. दुसऱ्या वेळी तिचा एकच डोस झाला होता. तिसऱ्या वेळची गंमत तर अशी, की तिने घेतलेल्या लसीचं नाव त्या देशाच्या यादीत होतं, पण आपल्याकडच्या कारखान्यात भरलेल्या बाटलीचं नव्हतं. औषध तेच. बाटली वेगळी. मी संतापून रात्रभर जागले. प्रज्ञा दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे दोरीवरच्या उड्या मारत होती.

चौथ्या स्पर्धेची आशा होती. देशाचं नाव लिहू नको असं तिने बजावलंय, कारण तिला तिकडे पुन्हा जायचंय. त्यांचा नियम साधा होता. दोन्ही डोस हवेत आणि दुसऱ्यानंतर चौदा दिवस उलटलेले हवेत. तिचे दोन डोसांमधले बारा आठवडे भरले होते. पण नाशिकच्या प्रत्येक केंद्राच्या फाटकावर ‘लस शिल्लक नाही’ असा कागद. तिकिटाच्या तारखेपासून चौदा दिवस मागे मोजले तर उद्याचा दिवस शेवटचा होता. उद्या डोस नाही, तर स्पर्धा नाही. उरलेले थोडे गुणही जाणार आणि मग पुन्हा अगदी तळापासून सुरुवात.

संध्याकाळी तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. पेठच्या पलीकडच्या एका गावातल्या आरोग्य केंद्रात स्लॉट मिळाला होता.

इथे माझं थोडं सांगायला हवं. माझे बाबा सातपूरला कारखान्यात होते आणि रविवारी पत्रकं वाटायचे. पाण्यावर, बुवाबाजीवर, झोपडपट्टी हटवण्यावर. अक्षरं मी पत्रकांच्या घड्या घालतानाच शिकले. त्या उन्हाळ्यात मी स्वतः एक पत्रक काढलं होतं. ‘लस आधी कुणाला?’ मोटारीत बसून खेड्यातल्या लशी पळवणाऱ्या शहरवाल्यांना त्यात मी चांगलंच सोललं होतं. आणि वस्तीतल्या शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत आपण घ्यायची नाही, असंही मनाशी पक्कं केलं होतं.

“म्हणजे तू पाड्यावरच्या माणसाची लस घेणार,” मी म्हणाले.

“मी स्लॉट घेतला. कुणाच्या ताटातलं नाही उचललं.”

“तेच ताट आहे, प्रज्ञा.”

“बरं. मग पत्रकबाई, उद्या माझ्याबरोबर चल आणि ज्याचं ताट आहे त्यालाच विचार. नाहीतरी परत येताना स्कूटी चालवायला कुणीतरी लागणारच. पहिल्या डोसाला माझा हात चार दिवस खांद्याच्या वर जात नव्हता.”

मी गेले. तत्त्व सोडून गेले की तत्त्व घेऊन गेले, ते मला निघतानाही कळलं नव्हतं.

सावळघाट

मखमलाबाद मागे पडलं की द्राक्षबागा लागतात, पुढे भाजीचे मळे, आणि मग हळूहळू जमीन वरखाली व्हायला लागते. पाऊस बारीक होता. करंजाळीला टपरीवर चहा आणि पोहे घेतले. पोह्यांत शेंगदाणे नव्हते, पण मिरची इतकी होती की प्रज्ञाने मास्क वर चढवला तो उतरवलाच नाही. टपरीवाल्याने विचारलं, “लशीला काय? परवा दोन गाड्या गेल्या नाशिकच्या.” मी मान खाली घातली. प्रज्ञा म्हणाली, “हो, लशीला.”

घाटात ढग रस्त्यावर उतरलेले. पुढचं वळण दिसत नव्हतं, फक्त ट्रकचा हॉर्न यायचा आणि मग ट्रक. नाशिकमध्ये आपण आकाशाकडे बघून पावसाचा अंदाज करतो. इथे पाऊस खालून, दरीतून वर येत होता. मी मनात भाषण तयार करत होते. गावकऱ्यांनी हरकत घेतली तर मी त्यांच्या बाजूने बोलणार. घेतली नाही तरी मी त्यांच्या बाजूनेच बोलणार. पण मग प्रज्ञाचं काय, हा विचार आला की वळण यायचं, आणि मागच्या सीटवर तिला घट्ट धरावं लागायचं.

पेठ सोडल्यावर ओढ्यावरच्या एका फरशी-पुलावरून पाणी वाहत होतं. उतरून गाडी ढकलली. माझी एक चप्पल गेली. उरलेल्या दिवसभर मी एका पायात चप्पल आणि एका पायात प्रज्ञाचा जुना खेळायचा बूट घालून फिरले. बूट दोन नंबर मोठा होता.

दवाखाना

आरोग्य केंद्र कौलारू, स्वच्छ, आणि सुनसान होतं. मी गर्दीची, भांडणाची तयारी करून गेले होते. तिथे एकट्या सिस्टर खुर्चीवर बसून लशीच्या निळ्या डब्याकडे बघत होत्या. नाव ज्योती. मूळच्या सिन्नरच्या, बोलणं सरळ आमच्यासारखं.

“आलं एकदाचं कुणीतरी! बाकीचे कुठायत?”

“बाकीचे कोण?”

“नाशिकहून स्लॉट घेतलेले. घाटात पाऊस म्हणून कुणी निघालंच नाही वाटतं. फोन उचलत नाहीत.” त्यांनी प्रज्ञाचा मोबाईल पाहिला, आधार कार्ड पाहिलं आणि परत दिलं. “सगळं बरोबर आहे. पण तुम्हाला एकटीला नाही देता येणार.”

“का?”

“एका वायलमध्ये दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची. तुमच्या एकटीसाठी उघडली तर नऊ वाया. मला वर काय उत्तर द्यायचं? दहा माणसं आणा, मी आत्ता उघडते.”

“गावातले लोक?” मी विचारलं.

“गावातले? लस म्हटली की जंगलात जातात. मागच्या महिन्यात पलीकडच्या पाड्यावर एक जण तापाने गेला. आधीच आजारी होता, लस तर त्याने घेतलीच नव्हती. पण सुईवाली जीप त्याच दिवशी गावात आली होती ना. आता तुम्हीच काय ते समजा.”

मला खरंच काही समजेना. मी घरून निघाले होते ती गावाची लस शहरवाल्यांपासून वाचवायला. आणि इथे लस डब्यात गार बसलेली, गाव तिला भिऊन पळतंय आणि शहरवाली एकटी म्हणून तिला मिळत नाही. माझ्या पत्रकात ही शक्यताच नव्हती.

“केंद्र किती वाजेपर्यंत?” प्रज्ञाने विचारलं.

“पाच.”

“दहा माणसं कुठे असतील आत्ता?”

सिस्टरनी खिडकीतून ओढ्यापलीकडे बोट दाखवलं. “भाताची लावणी चालू आहे. पण येणार नाहीत ताई, सांगून ठेवते.”

वावर

ओढा ओलांडून गेलो. उतारावर एकाखाली एक चिखलाची खाचरं होती, आणि एका खाचरात आठ माणसं वाकून रोपं लावत होती. पाठीवर पानांची इरली, काहींच्या पाठीवर खताच्या गोण्या कापून केलेली खोळ. आपसात त्यांची कोकणा आदिवासींची बोली चालली होती, ती मला अर्धीच कळत होती. आमच्याशी बोलताना ते आमच्याकडे वळायचे, भाषेसकट.

मी बांधावर उभी राहिले आणि बोलायला लागले. चांगलं बोलले, असं आजही वाटतं. रोग काय, लस काय, अफवा कशी पसरते, औषधावर सगळ्यांचा सारखा हक्क कसा आहे. लस ही श्रीमंतांची मिरास नाही, असंही म्हणाले. कुणी मला थांबवलं नाही. कुणी लावणीही थांबवली नाही. मी बोलत होते तोवर त्यांची एक अख्खी ओळ पूर्ण झाली.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ सरळ झाले. त्यांना सगळे लक्ष्मणकाका म्हणत होते.

“झालं?”

“झालं.”

“चांगलं बोलतीस पोरी. निवडणुकीला उभी ऱ्हातीस का?”

सगळे हसले. मी म्हणाले, “नाही काका, तुमच्या भल्यासाठी सांगतेय.”

“आमच्या भल्यासाठी लय जणं येत्यात.” आणि ते पुन्हा वाकले.

त्यांच्या शेजारी एक बाई होत्या, पन्नाशीच्या, कपाळावर गोंदण, हातात रोपांची जुडी. वावर त्यांचं होतं. सोनाबाई. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, एका बुटाकडे आणि एका चपलेकडे. मग त्या प्रज्ञाकडे वळल्या. “आन ही कोन? ही का बोलत नाय?”

प्रज्ञा म्हणाली, “मला दहा माणसं पाहिजेत.”

“कशाला?”

“मी टेनिस खेळते. तेच माझं काम. परदेशात जायचंय, तिकडे दोन सुया लागतात. दुसरी आजच घेतली नाही तर जाता येत नाही. सिस्टर म्हणतात दहा माणसं असल्याशिवाय बाटली उघडणार नाही.”

“म्हणजे तुझ्यासाठी आम्ही टोचून घ्यायचं?”

“हो.”

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. इतक्या उघडपणे स्वार्थ सांगतात का? पण लक्ष्मणकाका हातातली रोपांची मूठ खाली ठेवून पोट धरून हसायला लागले. “आयला! आजवर जो आला तो म्हनला तुमच्या भल्यासाठी. ही पयली, जी म्हनती माझ्या भल्यासाठी!”

सोनाबाई हसल्या नाहीत. “वर्षात लावणीचे हेच दिवस. सुईने ताप येतो म्हन्त्यात. ताप आला तर माझं वावर कोन लावील? तू?”

“लावते,” प्रज्ञा म्हणाली.

“येतं का?”

“नाही. पण वाकून राहायची सवय आहे.”

तिकडची एक रीत मला नंतर नीट कळली, ती इथेच सांगते. लावणीत ते लोक मजूर लावत नाहीत. आज सगळे सोनाबाईंच्या वावरात, उद्या सगळे काकांच्या, परवा तिसऱ्याच्या. पैशाचा संबंध नाही. ज्याने तुमच्याकडे हात लावला त्याच्याकडे तुम्ही हात लावायचा. आमच्या कॉलनीत लग्नाला कोण आलं आणि कोण नाही हे लक्षात ठेवतात, पण कुणाच्या घरचं काम कुणी कधी केलं, हे कुणाला विचारा, सांगता येणार नाही. इथे ते प्रत्येकाला तोंडपाठ.

सोनाबाईंनी याच रितीने सौदा मांडला. “हे खाचर आज संपवायचं हाय. तू आमच्या वावरात ये. संपलं की आम्ही तुझ्या दवाखान्यात येतो.”

“वैनी, खरंच जायचं?” एक तरुण बाई घाबरून म्हणाली.

“तिनं हात लावला तर जायला नको? तुझ्याकडं मी आले नव्हते?” सोनाबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला. माझं पाऊण तासाचं भाषण, आणि त्यांचं एक वाक्य.

प्रज्ञाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरली. मीही उतरले. मोठा बूट पहिल्याच पावलाला रुतला, तो उपसून बांधावर ठेवला. रोपं अंगठा आणि दोन बोटांत धरून चिखलात खोचायची, जास्त खोल नाही, जास्त वर नाही. माझी रोपं तरंगायला लागली. सोनाबाई मागून येऊन ती पुन्हा लावत होत्या आणि पुटपुटत होत्या. प्रज्ञा डाव्या हाताने लावत होती, त्यामुळे ती उलट्या बाजूने ओळ धरायची आणि शेजारच्या बाईशी तिची टक्कर व्हायची.

“ही डावरी हाय गं, हिला कडंला घाला!”

मधे जेवण झालं. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या भाकरी, उडदाचं घट्ट वरण, खुरसणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. आमच्याकडे बाजरीची भाकरी टम्म फुगली की आई खूश होते. ही काळसर, जाड आणि जड होती आणि एकीतच पोट भरलं. प्रज्ञाने दोन खाल्ल्या. तिच्या प्रशिक्षकाने तिचा आहार ठरवून दिलेला आहे. त्यात हे बसतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “प्रशिक्षकाला या चिखलात उतरव, मग सांगते.”

सहावी ओळ असो की पाचवी, कंबर मोडल्यावर माणसाला फक्त बांध दिसतो. साडेतीनच्या सुमाराला खाचर संपलं. सगळे ओढ्यात पाय धुऊन रांगेने निघाले. मी प्रज्ञाच्या शेजारून चालत होते आणि मला ठरवता येत नव्हतं, की आपण या लोकांची फसवणूक केली की त्यांना मदत केली. ते लसीवर विश्वास ठेवून येत नव्हते. हाताला हात म्हणून येत होते. पत्रक वाचून आलेला माणूस आणि हा माणूस, दंडात सुई सारखीच जाणार. पण मग पत्रक कशाला?

दहावं माणूस

सिस्टरनी दारातून रांग पाहिली आणि उठून उभ्या राहिल्या. पटापट नावं लिहून घेतली. मग मोजलं, पुन्हा मोजलं.

“हे आठ आणि ताई तुम्ही. नऊच झाले. दहावं कोण?”

पाऊस वाढला होता. घड्याळात चार वाजून गेले होते. गावात परत कुणाला शोधायला जायचं?

मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. “तुमचे झाले का?”

हा प्रश्न दिवसभर कुणीच विचारला नव्हता. मी म्हणाले, “नाही. एकही नाही.”

“काय?” सोनाबाई बाकावरून उठल्या. “आन सकाळपासनं आम्हाला सांगतीस ती?”

“मावशी, त्याचं कारण वेगळं आहे. वस्तीतल्या शेवटच्या माणसाला मिळाल्याशिवाय आपण घ्यायची नाही, हे माझं तत्त्व...”

“म्हंजे तूबी भितीस,” लक्ष्मणकाका शांतपणे म्हणाले.

“भीत नाही!”

“मंग बस खाली.”

मी त्यांना समजावून सांगायचा खूप प्रयत्न केला. हा डोस या गावाच्या वाट्याचा आहे, तो शहरातल्या माणसाने घेणं चूक आहे, त्यापेक्षा आपण गावात जाऊन दहावा माणूस शोधू. सोनाबाईंनी पदर खोचला आणि दाराकडे निघाल्या. “ही घेत नाय तर म्या बी नाय. कायतरी असल त्यात.” त्यांच्यामागे ती तरुण बाईही उठली.

प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती, चिखलाचे पाय, हात छातीशी बांधलेले. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ती विनवणी नव्हती. समोरची सर्व्हिस करणार असते तेव्हा ती तसं बघते.

मी बाही वर केली. गावाचा वाटा घेऊ नये म्हणून अडून बसले तर गावच उठून जात होतं, आणि माझ्या बहिणीचं वर्षही जात होतं. हे गणित बरोबर होतं की सोयीचं, ते मी आजही सांगू शकत नाही.

सिस्टरनी वायल उघडली. सगळ्यांचा आग्रह की बोलणारीला आधी द्या. मला दिली. मी डोळे मिटले होते, त्यावरून पाच मिनिटं हसणं चाललं. मग एकेक करून सगळे बसले. प्रज्ञा सगळ्यांत शेवटी बसली आणि उजवा हात पुढे केला. सिस्टरनी सुई काढल्यावर तिने दिवसभरात पहिल्यांदा डोळे पुसले आणि म्हणाली, “चिखल गेला डोळ्यात.”

निघताना सोनाबाई दारात थांबल्या. “आम्ही आठ जण आलो. तू माझ्या एकटीच्या वावरात आलीस. बाकीच्यांचं कसं?”

आम्ही हसलो. त्या हसत नव्हत्या.

परतीचा घाट

स्कूटी चालवायला मी आले होते. पेठपर्यंत ठीक होतं. घाटाच्या तोंडाशी मला थंडी भरली, दात वाजायला लागले आणि समोरचा रस्ता दोन दिसायला लागला. प्रज्ञाने गाडी थांबवायला लावली. “उतर. मागे बस. घट्ट धर.”

“तुझा हात...”

“उजवा दुखतोय. चालेल. तू पडलीस तर दोन्ही दुखतील.”

तिने अॅक्सिलरेटर त्याच दुखऱ्या हाताने धरला आणि ढगातून गाडी बाहेर काढली. मी तिच्या पाठीवर डोकं टेकून पडले होते आणि तापात मला वाटत होतं की मी अजून भाषण करतेय. घरी पोचल्यावर आईने विचारलं, “लस प्रज्ञाला होती ना? मग ताप तुला कसा?” उत्तर द्यायला फार मागून सुरुवात करावी लागली असती, म्हणून मी झोपले.

पुन्हा तिकडेच

चौदा दिवस मोजायचे होते. तिसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन आला. दोघांना ताप येऊन उतरला, बाकी सगळे ठीक. सोनाबाई सुजलेला दंड घेऊन दुसऱ्याच दिवशी काकांच्या वावरात उतरल्या होत्या आणि आम्हाला यथेच्छ शिव्या देत होत्या. “आणि विचारतायत, डावरी कधी येणार?”

प्रज्ञा म्हणाली, “पायांचा व्यायाम होईल.” सकाळी कोर्टावर सराव करायचा आणि मधूनमधून पेठची वाट धरायची, असं आमचं सुरू झालं. पुन्हा करंजाळीचे पोहे, पुन्हा घाट. आता फरशी आली की मी आधीच चपला काढून हातात घ्यायचे. काकांचं वावर झालं, त्या तरुण बाईचं झालं. तिचं नाव मंदा. तिने एकदा कवळीची भाजी खायला घातली. ही रानभाजी नाशिकच्या बाजारात मिळत नाही आणि मिळाली तरी ती चव येणार नाही. माझी रोपं आता तरंगत नव्हती. मंदाच्या सासूने लशीच्या पुढच्या वारी आपण होऊन सुई घेतली, आणि का घेतली असं विचारल्यावर म्हणाली, “सगळ्यांनी घेतली, मीच का ऱ्हाऊ?” मी इतक्या वर्षांत इतकं साधं कारण कुठल्याही पत्रकात लिहिलं नव्हतं.

विमान दोन दिवसांवर आलं होतं. बॅग भरलेली, रॅकेटना नवी तार घातलेली. आम्ही शेवटचं म्हणून गेलो. दुपारी जेवायला सगळे बांधावरच्या आंब्याखाली बसलो. त्या पाड्यावर तिथेच काय ती मोबाईलची रेंज यायची. प्रज्ञाचा फोन एकदम चार-पाच वेळा वाजला. तिने वाचलं आणि माझ्याकडे दिला.

स्पर्धेच्या लोकांचा निरोप होता. कालपासून त्या देशाचा नियम बदलला होता. भारतातून येणाऱ्याला, डोस झालेले असोत की नसोत, दहा दिवस खोलीत बंद राहावं लागणार. आणि पात्रता फेरी पाचव्या दिवशी सुरू होणार होती. आता पोचून काही उपयोग नव्हता. खेद व्यक्त केला होता, पुढील वाटचालीसाठी शुभेच्छाही दिल्या होत्या.

मी उभी राहिले. बरंच काही बोलले. त्या देशाला, आपल्या देशाला, विमान कंपनीला, बाटलीवरच्या नावांना. बोलता बोलता लक्षात आलं, की नक्की कुणाला बोलायचं तेच मला सापडत नाहीये. त्यांना त्यांची माणसं जपायची आहेत. तेच तर मी इथे दोन आठवडे सांगत होते. माझा राग खरा होता, पण तो ठेवायला जागा मिळेना. मी खाली बसले.

“काय झालं?” सोनाबाईंनी विचारलं.

“जायचं रद्द,” प्रज्ञा म्हणाली. “त्यांनी नियम बदलला.”

“सुई घेऊनबी?”

“घेऊनही.”

सोनाबाईंनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, “मंग आमचं येनं तुझ्या कामी आलं नाय. उद्यापासनं येऊ नको. आमचा हात फुकट गेला, तुझा कशाला घ्यायचा?”

“फुकट कसा मावशी? सुई तर मिळाली. दंडात आहे.”

“दंडात ऱ्हाऊन काय उपेग? तू गेलीस का?”

“आणि तुम्ही आजारी पडला नाहीत, ते?”

“ते आमचं झालं. तुझं नाय झालं,” सोनाबाई चिडून म्हणाल्या. “आता तर उलटं आम्हीच तुझं देनं लागतो.”

“आमच्याकडे वावर नाही,” प्रज्ञा म्हणाली. “कोर्ट आहे. त्याला रोलर मारायचा असतो.”

“मारू की!” काका म्हणाले. “बैल लागतो का मानसं?”

“माणसं.”

यावर वाद पेटला. मंदा म्हणाली प्रज्ञाचे दोन दिवस जास्त झाले, काका म्हणाले एक कमी, सोनाबाई म्हणाल्या स्पर्धा रद्द झाली म्हणजे सगळंच रद्द. मी दोन्ही बाजूंनी बोलून पाहिलं, आणि दोन्ही वेळा मला गप्प बसवण्यात आलं. पाऊस थांबला होता. खालच्या खाचरात निम्मी जागा मोकळी होती आणि कडेला रोपांच्या जुड्या पाण्यात भिजत पडल्या होत्या.

प्रज्ञा उठली. पँट पुन्हा दुमडली. बांधावरून उतरून ती कडेच्या जागेवर, डावरीच्या जागेवर, जाऊन उभी राहिली आणि मागे न बघता डावा हात मागे केला.

“भांडा तुम्ही सावकाश,” ती म्हणाली. “तोवर मूठ द्या कुणीतरी.”

सोनाबाई काहीतरी पुटपुटत उठल्या आणि तिच्या हातात मूठ दिली.